सोयाबीन आहारात घेताना: शिजवण्याची रीत, प्रमाण आणि पथ्ये

महाराष्ट्रात अलीकडच्या खरिपांत ४५ ते ५० लाख हेक्टरांच्या आसपास सोयाबीनचा पेरा होतो. लातूर, धाराशिव, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांचे वर्षाचे अर्थकारण या एका पिकाभोवती फिरते, परंतु ज्या घरात सोयाबीनची थप्पी लागते त्या घराच्या स्वयंपाकघरात हा दाणा फारसा शिरत नाही. तो बाजार समितीत जातो, तेथून तेल गाळणाऱ्या कारखान्यात, आणि त्याची पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. जे लोक तो खाऊ पाहतात त्यांच्या कानावर दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी पडतात: सोयाबीनसारखे प्रथिन दुसरे नाही, आणि सोयाबीनमुळे थायरॉइड बिघडतो, पुरुषांचे संप्रेरक घटते, कर्करोग होतो.

सोयाबीन चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारल्यास त्याला उपयोगी उत्तर मिळत नाही. ते कोणत्या रूपात, किती शिजवून, किती प्रमाणात आणि कोणाच्या ताटात जाणार आहे, हे ठरवले की बहुतेक शंका आपोआप सुटतात. सोयाबीनला औषध किंवा विष न मानता एक डाळ मानावे आणि डाळीसारखेच वापरावे, अशी या लेखाची भूमिका आहे; मात्र ही डाळ तुरीपेक्षा हट्टी आहे आणि तिची तयारी नीट करावी लागते.

दाणे घेताना

पहिली खबरदारी शेतकरी कुटुंबांसाठी आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. पेरणीनंतर पिशवीत उरलेले बियाणे कधीही खाण्यासाठी वापरू नये. त्यावर बुरशीनाशकाची, काही वेळा कीटकनाशकाचीही, बीजप्रक्रिया केलेली असते. बहुधा दाण्यांना लालसर, गुलाबी किंवा हिरवा रंग दिसतो, पण रंग पुसट झाला किंवा दाणे धुऊन पांढरे पडले म्हणजे औषध गेले असे होत नाही. असे बियाणे दळणात मिसळू नये आणि जनावरांनाही घालू नये. खाण्याचे सोयाबीन सुगीच्या वेळीच वेगळे काढून, वेगळ्या डब्यात ठेवावे.

दुसरी गोष्ट पावसाची. काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणे काळवंडतात, त्यांच्यावर पांढुरकी किंवा जांभळट बुरशी येते. असे दाणे शिजवल्याने चांगले होत नाहीत, कारण काही बुरशींची विषद्रव्ये उकळूनही टिकतात. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलाव्याचा निकष लावतात. घरातल्या साठ्यालाही तोच नियम योग्य आहे. दाणा दाताखाली दबला तर तो अजून ओला आहे, कडकन फुटला तर ठेवण्याजोगा आहे.

कच्चे का खाऊ नये

सोयाबीनच्या दाण्यात ट्रिप्सिन या पाचकद्रव्याचे काम अडवणारे घटक असतात. कच्चे किंवा अर्धेकच्चे सोयाबीन पोटात गेले तर प्रथिन नीट पचत नाही, पोट दुखते, मळमळते, जुलाब होतात. ऑस्बॉर्न आणि मेंडेल या अमेरिकी संशोधकांनी १९१७ मध्येच दाखवून दिले होते की कच्च्या सोयाबीनवर न वाढणारे उंदीर शिजवलेल्या सोयाबीनवर उत्तम वाढतात. ओलसर उष्णतेने हे घटक बहुतांश निष्प्रभ होतात. म्हणजेच जो दाणा शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने देतो, तो नीट शिजवला नाही तर ती प्रथिने शरीराला पुरती मिळत नाहीत.

उसळीसाठी दाणे आठ ते दहा तास भिजवावेत. भिजवलेले पाणी ओतून द्यावे, कारण पोटात वायू धरणाऱ्या शर्करांचा काही भाग त्या पाण्यात उतरतो. दाणे हाताने चोळल्यास साले सुटून वर तरंगतात. तीही काढल्यास पचायला हलके पडते. नव्या पाण्यात, थोडे तेल घालून, कुकर निम्म्याहून अधिक न भरता शिजवावे, कारण सोयाबीनला फेस फार येतो आणि तो कुकरच्या शिटीत अडकू शकतो. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून आणखी पंधरा ते वीस मिनिटे द्यावीत. हरभऱ्यासारखा हा दाणा पिठूळ होत नाही, म्हणून शिटी न मोजता दाणा चिमटीत दाबून पाहावा. तो सहज चेपला गेला पाहिजे. उसळीत शेवटी लिंबू पिळण्याची आपली सवय येथे विशेष कामाची आहे: सोयाबीनमध्ये लोह पुष्कळ असले तरी त्यातील फायटेट हे द्रव्य ते अडवून धरते, आणि क जीवनसत्त्वामुळे त्यातले अधिक लोह शोषले जाते.

गव्हात मिसळून दळताना

सोयाबीन घरात येण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे गव्हाच्या दळणात मूठभर दाणे टाकणे, आणि चूक होते तीही येथेच. कच्चे दाणे तसेच दळून आणले की पोळीला हिरवट, कच्चट वास येतो, घरातले नाक मुरडतात आणि प्रयोग तिथेच संपतो. हा वास दाणा फुटून त्यातील तेलाचा पाण्याशी व हवेशी संबंध आल्यावर एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो. ते विकर उष्णतेने मरते, म्हणून दाणा फुटण्याआधीच त्याला उष्णता मिळाली पाहिजे.

त्यासाठी मोठ्या पातेल्यात दाण्यांच्या तिप्पट पाणी घेऊन ते खळखळ उकळू द्यावे आणि मगच निवडलेले, धुतलेले सोयाबीन त्यात सोडावे. थंड पाण्यात दाणे घालून ते पाणी तापवत बसू नये. पंचवीस ते तीस मिनिटे उकळल्यावर पाणी काढून दाणे सुती कापडावर पातळ पसरावेत आणि कडक उन्हात दोन ते तीन दिवस वाळवावेत. वरून कोरडा वाटणारा दाणा आत ओला राहतो आणि तसा दळला तर पिठाला जाळी लागते, म्हणून शेवटी कढईत मंद आचेवर हलका परतून घ्यावा. नुसते कोरडे भाजूनही काम भागते, परंतु घरी दाणे एकसारखे भाजले जात नाहीत. काही करपतात, काही आत कच्चे राहतात. थालीपिठाच्या किंवा चकलीच्या भाजणीत घालायचे असेल तेव्हाही आधी उकळून वाळवलेलेच दाणे भाजावेत.

प्रमाण नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन, याहून अधिक नसावे. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्के असते, त्यामुळे ते एकटे दळले तर जात्याला चिकटते आणि गिरणीवाला हमखास कुरकुरतो. गव्हात मिसळून दिले की अडचण येत नाही. हेच तेल पीठ लवकर खवट करते. उन्हाळ्यात पंधरा दिवस पुरेल इतकेच दळण आणावे.

या मिश्रणाचा लाभ किती, हेही मोजून पाहावे. दिवसाला अडीचशे ग्रॅम पीठ खाणाऱ्या माणसाच्या पोटात त्यातून २५ ग्रॅम सोयाबीन, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम प्रथिने जातात. तितक्याच गव्हातून तीनेक ग्रॅम मिळालीच असती, म्हणजे निव्वळ भर सहा ग्रॅमच्या आसपास. आकडा छोटा दिसतो, पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार साठ किलो वजनाच्या प्रौढाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात हे लक्षात घेतले तर तो क्षुल्लक नाही. शिवाय गव्हात आणि ज्वारीत जे लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, ते सोयाबीनमध्ये मुबलक असते.

दूध आणि वड्या

सोयादूध घरी करताना एकच गोष्ट सांभाळावी. भिजवून सोललेले दाणे गरम पाण्यात वाटून, गाळून ते दूध आचेवर ठेवले की पाणी उकळण्यापूर्वीच, साधारण ८० अंशांच्या सुमारास, ते भरभर फुगून वर येते. गाईच्या दुधाची सवय असलेला हात लगेच गॅस बंद करतो. परंतु हा नुसता फेस असतो, दूध अजून उकळलेले नसते. आच कमी करून, फेस खाली बसवून, पुढे पंधरा मिनिटे ढवळत खरे उकळावे. चीनमध्ये अर्धवट उकळलेले सोयादूध प्यायल्याने शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. उरलेला चोथा टाकू नये, थालीपिठात चांगला मिळून येतो. घरच्या सोयादुधात गाईच्या दुधाइतके कॅल्शियम नसते आणि ब-१२ जीवनसत्त्व मुळीच नसते, म्हणून दूध पूर्ण सोडून त्यावर विसंबणाऱ्यांनी या दोन्हींची वेगळी सोय करावी.

बाजारातल्या सोयावड्या तेल काढून घेतलेल्या पिठापासून होतात आणि त्या कारखान्यातच उष्णतेखालून गेलेल्या असतात. पाकिटावरचा ५२ टक्के प्रथिनांचा आकडा कोरड्या वड्यांचा असतो. भिजल्यावर त्या पाणी पिऊन तिपटीच्या घरात जातात. एका माणसाला एका वेळी तीस ग्रॅम कोरड्या वड्या पुरे होतात, त्यातून पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून घेतल्यास वास जातो.

भीती आणि तिचे खरे माप

सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्ये असतात आणि त्यांची रचना इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखी असते; सगळ्या भीतीचे मूळ येथे आहे. परंतु ती इस्ट्रोजेनपेक्षा फार दुर्बळ असतात आणि शरीरात त्यांचे वर्तन वेगळे असते. पुरुषांवर झालेल्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींत टेस्टोस्टेरॉन या पुरुषसंप्रेरकावर परिणाम आढळला नाही. ज्या उदाहरणाचा गवगवा झाला ते अमेरिकेतील एका साठ वर्षांच्या गृहस्थाचे, २००८ मध्ये नोंदलेले आहे: त्यांचे स्तन वाढून दुखू लागले होते आणि ते रोज पावणेतीन लिटरांच्या आसपास सोयादूध पीत होते. ते थांबवल्यावर त्रास कमी झाला. कोणताही एक पदार्थ रोज इतका पिणाऱ्याचे भले होणे कठीणच.

स्तनाच्या कर्करोगाबाबत अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे मत असे आहे की सोयाचे अन्नपदार्थ खाणे सुरक्षित आहे. सावधगिरी सांगितली जाते ती आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या आणि अर्क यांच्याबद्दल. उपचार सुरू असलेल्या स्त्रीने अशा गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

उलट बाजूची अतिशयोक्तीही तपासून घ्यावी. रोज २५ ग्रॅम सोयाप्रथिनाने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा दावा पाकिटावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये मुभा दिली, आणि २०१७ मध्ये पुरावा पुरेसा एकमुखी नाही म्हणून ती मागे घेण्याचा प्रस्तावही मांडला. वाईट कोलेस्टेरॉल तीन-चार टक्क्यांनी उतरते इतपत परिणाम दिसतो. तळलेल्या किंवा चरबीयुक्त पदार्थाच्या जागी सोयाबीन आले तर हृदयाचा लाभ नक्की आहे. चालू आहाराच्या वर नुसती भर घातली तर विशेष काही होत नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर

ज्यांचा थायरॉइड निरोगी आहे आणि जे आयोडीनयुक्त मीठ खातात, त्यांना बेताच्या सोयाबीनने अपाय होत नाही. आयोडीन कमी पडत असेल तर मात्र अडचण येऊ शकते, म्हणून आयोडीन नसलेले सैंधव मीठच वापरणाऱ्या घरांनी याचा विचार करावा.

थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. सोयाबीन त्यांच्या ग्रंथीला नव्हे, तर आतड्यातून गोळी शोषली जाण्याला अडथळा करते. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने करावा आणि सोयाबीनचा पदार्थ किमान चार तासांनी, म्हणजे सोयीने दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणात ठेवावा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागते. सोयाबीन नव्याने रोज सुरू केले किंवा एकदम बंद केले, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासून घ्यावे, कारण गोळीची मात्रा बदलावी लागू शकते. स्वतःहून गोळी वाढवणे किंवा सोडणे योग्य नाही.

कोणी किती खावे

निरोगी प्रौढाने दिवसाला एक, फार तर दोन वेळा सोयाबीनचा पदार्थ घ्यावा: वाटीभर उसळ, किंवा पेलाभर दूध, किंवा वर सांगितलेल्या वड्या. जपानी लोकांच्या पारंपरिक आहारातही सोयाबीन साधारण याच मापात येते. तूर, मूग, हरभरा, मटकी सोडून रोज सोयाबीनच खाण्याचे काही कारण नाही.

एक वर्षाखालील बाळाला घरचे सोयादूध आईच्या दुधाच्या किंवा वरच्या दुधाच्या जागी देऊ नये. डॉक्टर सांगतात ते सोयाचे शिशुआहार वेगळे, पोषक घटक मोजून घातलेले असतात. बाळाला वरचे अन्न सुरू केल्यावर सोयाचे पीठ प्रथम अगदी थोडे देऊन दोन-तीन दिवस पाहावे, कारण सोयाबीन हे ॲलर्जी आणणाऱ्या प्रमुख अन्नांपैकी आहे. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा श्वास लागणे दिसल्यास पुन्हा न देता तातडीने डॉक्टर गाठावा. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने आणि पोटॅशियम यांवर मर्यादा असते, आणि ऑक्झलेटचे मूतखडे वारंवार होणाऱ्यांनाही सोयाबीन जपून खावे लागते. या दोघांनी आहारतज्ज्ञांकडून प्रमाण ठरवून घ्यावे.

सोयातेल आणि सोयासॉस यांना या हिशेबात धरू नये. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनेही नसतात आणि आयसोफ्लेव्होनही जवळजवळ नसतात, त्यामुळे त्याचा विचार इतर खाद्यतेलांबरोबर आणि त्याच मापाने करावा. सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी तो थेंबांनी वापरावा. त्यात बहुधा गहूही असतो, आणि ज्यांना गहू चालत नाही त्यांनी बाटलीवरची घटकांची यादी वाचूनच ती घ्यावी.