वाद घालायचा तर वही घेऊन बसा

सांगलीत माझं दोन खोल्यांचं दुकान आहे. हळदीच्या अडत्यांना, दोन दूध संस्थांना आणि एका दवाखान्याला मी बिलिंगची सिस्टिम बसवून देते. बिघडली की स्कूटी काढून जाते. उरलेला वेळ मोबाइलवर भांडण्यात जातो. पंधरा वर्षं झाली आता. आखाडे दोन. माहेरच्या ग्रुपवर चुलत-मावस धरून त्रेसष्ट माणसं आहेत, तिथे विज्ञान आणि धर्म. दुसरा आमच्या धंद्यातल्या लोकांचा, तिथे ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता येतो असं सॉफ्टवेअर. एवढ्या काळात एक मावशी, एक गिऱ्हाईक आणि एक भाचा माझ्याशी बोलायचे बंद झाले. मावशी आणि भाचा परत बोलायला लागले. गिऱ्हाईक गेलं ते गेलं. त्यातून जी पद्धत हाताला लागली ती लिहिते.

समोरच्याचा मेसेज आला की आधी तो वहीत उतरवून घ्या. पेनाने, जसाच्या तसा. निम्मा राग तिथेच उतरतो, कारण हात दुखतो. मग एकेक वाक्य सुटं करून समासात अक्षर टाका. मोजून बघता येईल त्याला ‘मो’. नुसता शब्दाच्या अर्थाचा घोळ असेल तर ‘श’. आणि जे ज्याच्या-त्याच्या मताचं आहे त्याला ‘म’. आपल्याकडची बहुतेक भांडणं अशी होतात की एकजण ‘म’ बोलत असतो आणि दुसरा ‘मो’ समजून त्याच्यावर तुटून पडतो.

दर जानेवारीत आमच्याकडे येणारा हा मेसेज घ्या: ‘१४ जानेवारी १७६१, ऐन संक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मराठ्यांवर संक्रांत कोसळली. याच दिवशी उत्तरायण सुरू होते. आपले ऋषी नासाच्या पुढे होते.’ पहिली दोन वाक्यं ‘मो’, तिसरं सरळ ‘म’. तिसऱ्याला हात लावू नका. माझी मावशी त्याच वाक्यावरून बोलायची बंद झाली होती.

पहिल्या वाक्याचा हिशेब कुणालाही जमेल. संक्रांत म्हणजे सूर्य मकर राशीत शिरतो ती वेळ. सूर्य ताऱ्यांच्या मागच्या पटावर त्याच जागी परत यायला ३६५ दिवस आणि साधारण ६ तास ९ मिनिटं घेतो. म्हणून संक्रांतीची वेळ दर वर्षी सहा तास नऊ मिनिटं पुढे सरकते आणि प्रत्येक २९ फेब्रुवारी तिला एक दिवस मागे ओढतो. २०२४ मध्ये ती १५ जानेवारीला पहाटे तीनच्या सुमारास होती. तिथून मागे चला. १७६१ पर्यंत २६३ वर्षं. सरकणं झालं ६७.४ दिवस. मधल्या लीप तारखा ६३, कारण १८०० आणि १९०० ही लीप वर्षं नव्हती. फरक उरला ४.४ दिवस. म्हणजे १७६१ ची संक्रांत १० जानेवारीला, संध्याकाळच्या आत.

हिशेबावर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून ताळा करून दाखवायचा. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, १२ जानेवारी १८६३, हे सगळ्यांना मान्य. त्याच रीतीने १६१ वर्षं मागे गेलं की बरोबर १२ जानेवारीची रात्र येते. १७६१ साली पुण्यात चालणाऱ्या ग्रहलाघव या जुन्या ज्योतिषग्रंथावरच्या पंचांगाने काही घटका इकडे-तिकडे होतील, पण चार दिवस नाही होणार. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमीला झाली, बुधवारी, १४ जानेवारीला. संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतेय खरं, पण तो मेसेज आठ वर्षं मीच पुढे पाठवत होते. चूक सापडली तेव्हा ग्रुपवर पहिलं वाक्य तेच लिहिलं. त्या दिवशी एकही उलट उत्तर आलं नाही. आपली चूक आधी मांडावी, हे मी कुठे वाचलं नव्हतं, अपघाताने घडलं.

उत्तरायणाचं प्रकरण जास्त रंगतं. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि उत्तरायण एकाच वेळी होत, आता चोवीस दिवसांची फट पडली आहे. हे सांगितलं की ग्रुपवरचे आमचे भाऊजी म्हणतात, ‘तुमचं पाश्चात्त्य विज्ञान.’

इथे बहुतेक जण शाळेचं पुस्तक काढतात आणि हरतात. समोरच्याच्याच कोठारातून दाणा काढायचा असतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिषाने बृहत्संहितेत लिहून ठेवलंय की पूर्वी उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी होत असे असं जुनी शास्त्रं सांगतात, आणि आता ते मकरेच्या आरंभी होतं. शंका असेल तर डोळ्याने तपासा, असंही त्याचं म्हणणं. कसं, तेही दिलंय: उगवत्या किंवा मावळत्या सूर्याची जागा लांबच्या एखाद्या खुणेशी ताडून बघा, नाहीतर जमिनीवर मोठं वर्तुळ काढून सावली बघा.

मी भाऊजींना एवढंच लिहिलं: ‘१५ डिसेंबरपासून रोज सकाळी गच्चीवर एकाच जागी उभं राहून सूर्य शेजारच्या टाकीच्या कुठल्या बाजूला उगवतो त्याचा फोटो काढा. वराहमिहिराची आज्ञा आहे.’ त्यांनी काढले. अठ्ठावीस फोटो. मध्ये चार दिवस धुकं होतं तेही लिहून ठेवलं होतं त्यांनी. सूर्य आधी टाकीच्या उजवीकडे सरकत होता, नाताळच्या आसपास थबकला आणि मग डावीकडे यायला लागला. त्यांनी ग्रुपवर यातलं काही टाकलं नाही. मला एकटीला पाठवले. मीही कुणाला सांगितलं नाही, आत्ता पहिल्यांदा सांगतेय, तेही नाव न घेता.

आता ‘श’. आमच्या एका चुलत वहिनींचं माहेर गुहागरकडचं. त्यांच्याकडे टिळक पंचांग, संक्रांत १० जानेवारीला. त्यावरून एका वर्षी ग्रुपवर ‘चूक कोण’ म्हणून दोन दिवस धुमश्चक्री चालली. चूक कुणीच नव्हतं. राशीचक्राचा आरंभबिंदू कुठे धरायचा एवढाच प्रश्न. नेहमीची पंचांगं तो चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर धरतात, टिळक पंचांग रेवतीतल्या झीटा ताऱ्यापाशी. दोन्हींत जवळपास चार अंशांचा फरक, म्हणून चार दिवस. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली, २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली, तरी घरोघरच्या संक्रांती जागच्या हलल्या नाहीत. दुर्बीण आणून सुटणारा हा वाद नाही. असं दिसलं की लिहायचं, ‘तुम्ही मकर कुठून मोजता?’ आणि फोन ठेवून द्यायचा.

ओपन सोर्सच्या ग्रुपवर तर नव्वद टक्के ‘श’च असतं. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने गेली चाळीस वर्षं घोळ घातलाय. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ असे दोन वेगळे शब्द असून आपण ते वापरत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. अडत दुकानाचे मालक विचारतात, ‘मॅडम, सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणता, मग पैसे कसले घेता?’ मी सांगते, ‘सॉफ्टवेअर मुक्त आहे. मी फुकट नाही. सौद्याच्या दिवशी सकाळी साताला तुम्ही फोन करता, त्याचे घेते.’ आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ही ओपन सोर्सवाली कंपनी ३४ अब्ज डॉलरना घेतली तीही अशाच सकाळी साताच्या फोनांसाठी, फक्त फोन मोठ्या लोकांचे होते.

भाच्याशी बिनसलं ते रेडिसवरून, म्हणजे माहिती पटकन हाताशी ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवरून. तो पुण्यात नोकरीला आहे. मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या कंपनीने बीएसडी हे जवळपास काहीही करू देणारं लायसन्स, म्हणजे वापराच्या अटी, सोडून दोन नवी लायसन्सं लावली, कारण मोठ्या क्लाउड कंपन्या तेच सॉफ्टवेअर भाड्याने देऊन पैसा करत होत्या. हीच पावलं आधी मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये आणि हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये वेगवेगळ्या लायसन्सांनी टाकली होती. मी रात्री साडेअकराला लिहिलं, ‘चोर आहेत, आता जुनं रेडिसही वापरता येणार नाही.’ भाच्याने उत्तर दिलं, ‘मावशी, लायसन्स वाचलंस का?’ मी वाचलं नव्हतं. मग जे लिहिलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी वही काढली. ‘जुनं वापरता येणार नाही’ हे ‘मो’, आणि साफ चूक: जी आवृत्ती बीएसडीखाली बाहेर पडली ती बीएसडीखालीच राहते. म्हणूनच तर आठवड्याभरात तिच्यावरून व्हॅल्की नावाचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून निघालेली वेगळी शाखा, लिनक्स फाउंडेशन या संस्थेकडे उभा राहिला. ‘नवीन लायसन्स ओपन सोर्स आहे का’ हे ‘श’. ओपन सोर्स इनिशिएटिव्हची दहा कलमांची व्याख्या मानत असाल तर नाही. ‘चोर’ हे ‘म’. आणि माझ्या हळदवाल्याला याने काय फरक पडला? काहीच नाही. तो रेडिस कुणाला भाड्याने देत नव्हता. मे २०२५ मध्ये कंपनीने एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्सचा उंबरा ओलांडला, तेव्हा भाच्याने मला नुसता एक हसरा चेहरा पाठवला. तोवर आमचं बोलणं सुरू झालं होतं.

तर या बाबतीतला नियम: लायसन्सवरून भांडायचं तर लायसन्स वाचा. बीएसडीचं एका पानात मावतं, चहा होईतो वाचून होतं. आणि साडेअकराला लिहू नका.

अजून एक युक्ती आहे, ती वादाच्या सुरुवातीलाच वापरावी लागते. मार्च २०२४ मध्येच एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या छोट्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. ते सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएचचं (लांबच्या कॉम्प्युटरवर शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं आणि तो मागे लागला. ग्रुपवर त्याच दिवशी दोन मेसेज आले. ‘बघा, ओपन सोर्स होतं म्हणून सापडलं.’ ‘बघा, ओपन सोर्स होतं म्हणून बसवता आलं.’ एकाच घटनेने दोघंही जिंकले! तेव्हापासून मी आधीच विचारते: काय घडलं तर तुम्ही मत बदलाल? उत्तर आलं तर पुढे बोलते. ‘काहीही घडलं तरी नाही’ असं आलं तर त्या वाक्यासमोर ‘म’ लिहून दळण टाकायला जाते. गिऱ्हाईक गेलं ते मी हा प्रश्न बिल देण्याआधी विचारला म्हणून. तो नंतर विचारावा.

आणि काही वाद घालूच नका. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या तेव्हा मी कॉलेजात होते. पृष्ठताण, केशाकर्षण, सगळं मला येत होतं. चमच्यातलं दूध सोंडेला लागून खाली ओघळतं, दुधात रंग घातला की ते मूर्तीवरून उतरताना दिसतं, हे शास्त्रज्ञांनी करूनही दाखवलं. आईला मी रांगेतच सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बरं. चमचा धर जरा, पदर सावरते.’ मी धरला.

यंदा १० तारखेला वहिनींनी ग्रुपवर तिळगुळाचा फोटो टाकला. पाच मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मग भाऊजींचा मेसेज आला: ‘पानिपतच्या वर्षीची तारीख. आमच्या वाटणीचा ठेवा, १४ ला येतो.’