हेवीवेटमध्ये उंची कमी असताना: उंच प्रतिस्पर्ध्याशी लढण्याचा अनुभव

व्यावसायिक मुष्टियुद्धात हेवीवेट गटाला खालची मर्यादा आहे, ती २०० पौंडांची, म्हणजे सुमारे ९०.७ किलोंची, वरची मर्यादा मात्र नाही. त्यामुळे ज्याचे वजन या गटात बसते, पण उंची पाच फूट दहा-अकरा इंचांवर थांबलेली आहे, अशा मुलाला कित्येकदा आपल्याहून सात-आठ इंचांनी उंच आणि वीस-पंचवीस किलोंनी जड माणसासमोर उभे राहावे लागते. मी त्याच बांध्याचा मुष्टियोद्धा होतो आणि आता प्रशिक्षक म्हणून त्याच बांध्याच्या मुलांना शिकवतो. आपला निभाव लागेल का, असे ती विचारतात. निभाव लागतो, हे मी खात्रीने सांगतो. मात्र त्यासाठी उंच मुलाला जे शिकून चालते त्याहून बरेच जास्त शिकावे लागते, हेही त्याच वेळी सांगतो.

सर्वांत आधी अंतर समजून घ्यावे. उंच माणसाचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तुमच्या कपाळावर येऊन आदळतो आणि त्याच जागेवरून तुम्ही मारलेला ठोसा त्याच्या हनुवटीच्या अलीकडेच संपतो, असा एक पट्टा दोघांच्या मध्ये असतो. या पट्ट्याच्या बाहेर तुम्ही सुरक्षित असता आणि तो ओलांडून आत गेलात की आखूड हात तुमच्या बाजूने काम करू लागतात, कारण जवळून हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) आणि अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) मारायला लांब हातांना जागाच उरत नाही. लढत हातची जाते ती या पट्ट्यात रेंगाळल्याने. नोव्हेंबर २००० मध्ये डेव्हिड टुआ हा ५ फूट १० इंचांचा अत्यंत जोरकस ठोशांचा मुष्टियोद्धा ६ फूट ५ इंचांच्या लेनॉक्स लुईससमोर उतरला. टुआच्या डाव्या हुकची सर्वांना धास्ती होती, तरीही बारा फेऱ्यांत तो लुईसच्या जॅबमागे पुरेसा पोहोचू शकला नाही आणि तिन्ही पंचांनी कौल लुईसला दिला. ताकद होती, पण ती पोहोचवणारी वाट नव्हती.

ही वाट पायांनी काढायची असते आणि ती डोक्याच्या हालचालीने झाकायची असते. आमच्या सरावात रिंगच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत खांद्याच्या उंचीवर दोरी बांधतात आणि तिच्याखालून डावी-उजवीकडे झुकत पुढे जायचे असते. नवा मुलगा कमरेतून वाकतो, त्याची नजर जमिनीकडे जाते आणि प्रत्यक्ष लढतीत नेमका तेथेच अपरकट बसतो. गुडघ्यांतून खाली जायचे, पाठ फार झुकवायची नाही, हनुवटी आत ठेवून नजर प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर ठेवायची. उंच माणसाशी लढताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याच्या नादात हनुवटी आपोआप वर उचलली जाते. ही सवय मोडायला सर्वांत जास्त वेळ लागतो. प्रतिस्पर्ध्याचा डावा जॅब आला की आपल्या उजवीकडे झुकावे, म्हणजे तो डाव्या खांद्यावरून निघून जातो; तेव्हा आपले वजन उजव्या पायावर आलेले असते आणि तेथूनच उजव्या हाताचा ठोसा त्याच्या छातीच्या हाडाखाली घालता येतो. डोके हलते, छाती आणि पोट तितके हलत नाहीत, म्हणून आपला जॅबही सुरुवातीला छातीवरच मारावा.

आत शिरण्याच्या दोन परंपरा मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली सततच्या दाबाची. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा फुटांहूनही थोडा कमी असलेला जो फ्रेझियर ६ फूट ३ इंचांच्या मुहम्मद अलीवर पंधरा फेऱ्या चालून गेला, शेवटच्या फेरीत डाव्या हुकने त्याला खाली पाडले आणि पंचांचा एकमुखी कौल मिळवला. हाच फ्रेझियर जानेवारी १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनसमोर दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली गेला. फोरमन त्याला दोन्ही हातांनी मागे ढकलून पुन्हा आपल्या ठोशांच्या टप्प्यात आणत होता. सरळ रेषेत चालून जाणाऱ्याला हा धोका कायम असतो, आणि नवोदितांनी या दोन्ही लढती लागोपाठ पाहाव्यात असा माझा आग्रह असतो.

दुसरी परंपरा कोनांची आहे आणि आजच्या मुलांसाठी ती मला अधिक भरवशाची वाटते. ओलेक्सांद्र उसिक ६ फूट ३ इंचांचा, म्हणजे सामान्य अर्थाने बुटका मुळीच नव्हे. पण टायसन फ्युरी ६ फूट ९ इंचांचा आहे. मे २०२४ मध्ये रियाधमध्ये उसिकने त्याला विभागून आलेल्या, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या, कौलाने हरवले आणि डिसेंबरमधील फेरलढतीत सुमारे २५ किलोंनी हलका असूनही तिन्ही पंचांकडून ११६-११२ असे गुण मिळवले. हा डावखुरा मुष्टियोद्धा हूल देऊन प्रतिस्पर्ध्याचा जॅब अर्ध्यावर थांबवतो, पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर टाकतो आणि ठोसा मारून झाल्यावर तेथे उभा राहत नाही.

आत पोहोचल्यावरची अडचण मात्र अनेकजण विसरतात. उंच आणि जड माणूस तुम्हाला मिठी मारून मानेवर आपले सगळे वजन टाकतो. अशा काही मिठ्यांनंतर मांड्या जड होतात आणि पुढच्या फेरीत झुकणे मंदावते. यासाठी एक हात मोकळा ठेवून बरगड्यांवर मारत राहणे, डोके त्याच्या छातीला टेकवून कडेला सरकणे आणि मान व पाठ मजबूत करणे हे रोजच्या सरावातच असले पाहिजे. दमसास हाही याच हिशेबातला. जून २०१९ मध्ये अँडी रुईझने ६ फूट ६ इंचांच्या अँथनी जोशुआला सातव्या फेरीत थांबवले, ते जवळून वेगाने एकामागोमाग मारलेल्या ठोशांच्या बळावर. डिसेंबरच्या फेरलढतीत रुईझ आणखी जड होऊन आला, जोशुआ हलका होऊन जॅबमागे फिरत राहिला आणि बारा फेऱ्या संपल्या तरी रुईझला त्याला गाठता आले नाही.

ज्याचे वजन मुळात चरबीमुळे हेवीवेटमध्ये गेले आहे, त्याने आधी खालच्या गटाचा विचार करावा, असे मी स्पष्ट सांगतो. ज्याला याच गटात राहायचे आहे, त्याने आठवड्यातून किमान एकदा तरी आपल्याहून उंच जोडीदाराबरोबर सराव करावा आणि त्या दिवशी जोरापेक्षा आत किती वेळा स्वच्छ शिरता आले ते पाहावे. हौशी लढती तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्यांच्या असतात. पोटावरचे ठोसे परिणाम दाखवायला तेथे फारसा वेळ मिळत नाही, म्हणून पहिल्या फेरीच्या पहिल्याच मिनिटात तो पट्टा ओलांडण्याची तयारी करून रिंगमध्ये उतरावे.