जुन्या फियाटचा कार्बोरेटर गळतोय? आधी फ्लोट बघा

जुन्या फियाट-पद्मिनीच्या कार्बोरेटरमधून (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पेट्रोल ठिबकत असेल, तर लगेच नव्याच्या मागे लागू नका. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची वायर काढा, मगच कार्बोरेटरचं झाकण उघडा. नीडल म्हणजे पेट्रोलची वाट बंद करणारी सुई; तिच्या टोकावर नख फिरवा. गोल खाच लागली तर नीडल आणि ती जिथे बसते ती सीट, दोन्ही बदला. पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी राखणारा पोकळ डबा, कानाशी हलवा. आत डुचमळलं, तर त्याला भोक पडलंय. चुलीपासून लांब, गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे येतील तिथेच भोक. आतलं पेट्रोल पुरतं निघून वाफही उडाल्याशिवाय भोकावर सोल्डरचा डाग अजिबात देऊ नका, भडका उडेल! डागही बारीकच हवा, नाहीतर फ्लोट जड होऊन पेट्रोलची पातळी पुन्हा चुकते. झाकणाचे स्क्रू बेतानेच आवळा. फार ताणलं की झाकण वाकतं आणि नवं पॅकिंग घालूनही गळती थांबत नाही.