खान्देशात कॉलेजचा ॲथलेटिक्स कोच व्हायचंय?

आपल्याकडे कॉलेजात नुसता हेड कोच अशी पोस्ट सहसा नसते भो, शारीरिक शिक्षण संचालक असतो आणि क्रिकेटपासून कबड्डीपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात, म्हणून आधी एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) करा, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा काढा. खरं कोचिंग शिकायचं तर पटियालाचं एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, डिप्लोमा जमला तर उत्तमच, नाहीतर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स तरी कराच.

पोरं शोधायला धडगाव-अक्कलकुव्याकडे जा, डोंगर चढणारी पोरं लांब पल्ल्याला चिवट निघतात (हे माझं मत). मे महिन्यात जळगावच्या उन्हात दुपारी प्रॅक्टिस अजिबात नको, पहाटेच उरका. आधी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव काढा, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. आणि प्रवासखर्चाची बिलं जपून ठेवा बरं!