बॉनेटखालचा दिवा लागत नाही? आधी अर्थिंग बघा

ठाणे-वाशीच्या खाडीकडच्या दमट हवेत जुन्या स्पोर्ट्स कारचा बॉनेटखालचा दिवा रुसला, तर बल्ब घ्यायला धावू नका. वायरचं एक टोक होल्डरच्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. दिवा लागला, की दोष अर्थिंगचा, म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीचा. होल्डरच्या स्क्रूखालचा हिरवट थर पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासा, स्क्रू घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. कॉर्व्हेटसारख्या फायबरग्लासच्या गाडीत बॉडीतून अर्थ मिळतच नाही. तिथे चासीपर्यंतची (गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंतची) वेगळी वायर शाबूत हवी.

तरीही अंधार? मग टेस्ट लॅम्पने फ्यूज आणि होल्डरचा करंट बघा, शेवटी बॉनेट उघडताच दिवा लावणारा स्विच. काही गाड्यांत पाऱ्याचा स्विच असतो, तो उघडून बघू नका. पारा विषारी आहे.

उलटा त्रास जास्त महाग: बॉनेट लावल्यावरही दिवा जळत राहिला, तर 10 वॅटचा बल्ब 45 अँपिअर-अवरची बॅटरी दोन-अडीच दिवसांत उतरवतो. इंजिन गार असताना मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून आत ठेवा, बॉनेट लावा, काही सेकंदांनी उघडा. दिवा विझतो की नाही, रेकॉर्डिंगमध्ये कळेल. मोबाइल काढायला मात्र विसरू नका.