नेटवरचा कोड कामात वापरताना

नोकरीला नव्याने लागलेल्यांना एक धास्ती असते: कोड नेटवरून घेतलाय हे सीनियरच्या लक्षात आलं तर? खरं तर सीनियरही रोज शोधतात. रिव्ह्यूमध्ये अडतं ते दोन ठिकाणी. अमुक ओळ का लिहिली ते सांगता येत नाही, किंवा कोड कुठला याची नोंद नसते.

प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट स्टॅक ओव्हरफ्लो, तिच्यावरचं २०१० मधलं एक उत्तर बघा. बाइटची संख्या केबी-एमबीत दाखवणारा जावाचा हा छोटासा तुकडा असंख्य प्रकल्पांत जाऊन बसला. त्याला ९,९९,९९९ बाइट दिले की १.० एमबीऐवजी १०००.० केबी छापून येतं. लॉगरिदमने एकक आधी ठरतं, राउंडिंग नंतर होतं, म्हणून हा घोळ. मूळ लेखकानेच २०१९ मध्ये ही चूक दाखवून दिली. तोवर त्या उत्तराला भरपूर मतं पडली होती! मतांवरून उत्तर लोकांच्या उपयोगी पडलं एवढंच कळतं.

म्हणून कोड घेतला की आधी टेस्ट लिहा: शून्य, ऋण संख्या, रिकामी स्ट्रिंग आणि एकक जिथे बदलतं त्याच्या अलीकडची-पलीकडची किंमत. नको त्या ओळी काढून टाका, व्हेरिएबलना आपल्या प्रोजेक्टमधली नावं द्या. उत्तराची तारीख आणि खालच्या कॉमेंट्स वाचाच. दुरुस्ती बऱ्याचदा तिथेच सापडते. सर्टिफिकेटची तपासणी बंद करून एरर घालवणारं उत्तर कधीही घेऊ नका. एरर जाते, पण समोरचा सर्व्हर खरा आहे याची खात्रीही तिच्यासोबत जाते. तारखा लिहिणारा-वाचणारा जावातला सिंपलडेटफॉरमॅट स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांत एकच, ठेवणारा कोडही असाच फसवा. लॅपटॉपवर एकट्याने चालवला तर बरोबर चालतो, सर्व्हरवर अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकदम आले की तारखा चुकतात. असे बग शोधताना फार हाल होतात.

लायसन्सकडे नवे लोक हमखास काणाडोळा करतात. गिटहबवर कोड उघडा दिसतो, पण लायसन्सची फाइल नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच असतात. तो घेऊ नका. एमआयटी हे सैल लायसन्स असेल तर कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवला की झालं. जीपीएल या कडक लायसन्सचा कोड मिसळलेलं सॉफ्टवेअर ग्राहकाला दिलं तर सोर्सही द्यावा लागतो. त्याच्याच एजीपीएल या प्रकारात, बदललेला कोड नुसता नेटवर्कवरून वापरायला दिला तरी सोर्स द्यावा लागतो. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए लायसन्सखाली येतो, म्हणजे श्रेय द्यायचं आणि त्यावरून केलेली निर्मिती वाटताना तेच लायसन्स लावायचं. त्यामुळे अनेक कंपन्यांत पद्धत अशी: उत्तर वाचा, समजून घ्या, टॅब बंद करा आणि आपलं आपण लिहा. आम्हालाही हीच पद्धत पटते.

तरीही जसाच्या तसा घेतलात तर फंक्शनच्या वर कॉमेंटमध्ये लिंक, लायसन्स आणि आपण काय बदललं ते लिहा. तीन ओळींचं काम आहे, आणि पुढे त्यात बग निघाला तर तो सोडवणाऱ्याचा वेळ वाचतो. शंका असेल तर मर्ज करण्याआधी (मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी) टीमच्या लीडला विचारा, नंतर नव्हे.

प्रश्न विचारायला आपला कोड बाहेर टाकताना तर दुप्पट काळजी घ्या. अडचण दाखवणारं छोटं, वेगळं उदाहरण तयार करा. ग्राहकाचं नाव, सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड काहीही राहू देऊ नका. एपीआय की (सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून गेलीच, तर नुसती पोस्ट काढून भागत नाही. ती की लगेच रद्द करून नवी घ्यायची आणि टीमला त्याच क्षणी सांगायचं.