मेंदूच्या पेशंटवर पीएचडी करायचीये? मग आधी ओपीडी बघा

एमएस्सी झाली की, बायोटेक असो, लाइफ सायन्स असो, सायकॉलॉजी असो, बऱ्याच जणांना न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायची असते आणि नेमकं काय करायचंय विचारलं तर उत्तर येतं, "ब्रेनवर काहीतरी". ठीक आहे, सगळ्यांचं तसंच सुरू होतं. पण पहिल्यांदा एवढं ठरवा, काम उंदरांवर आणि पेशींवर करायचंय की माणसांवर. क्लिनिकल न्यूरोसायन्स म्हणजे माणूस, आणि तोही आजारी, पार्किन्सन्सचा, फिट्सचा, स्ट्रोकचा, डिमेन्शियाचा, स्किझोफ्रेनियाचा. तुमचा एक्सपरिमेंट ओपीडीच्या बाकावर बसलेला असतो, सोबत दोन नातेवाईक असतात आणि त्यांना चारची एसटी पकडायची असते. ज्याला लॅबमधली शांतता हवीये त्याने इथे येऊ नये, खरंच सांगतोय.

एन्ट्रीचं पटकन सांगतो कारण ते सगळीकडे सापडतं. मास्टर्सला ५५ टक्के, एससी, एसटी, ओबीसी नॉन-क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट. २०२२ च्या यूजीसी नियमांनी चार वर्षांच्या डिग्रीनंतर ७५ टक्क्यांवर थेट पीएचडीचं दार उघडलंय, पण माझं मत विचाराल तर एवढी घाई करू नका, आधी वर्षभर एखाद्या हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर असिस्टंट म्हणून काम करा, आपल्याला हे झेपतं का ते तिथेच कळतं. लाइफ सायन्सवाल्यांना सीएसआयआर-नेट, सायकॉलॉजीवाल्यांना यूजीसी-नेट ही पात्रता परीक्षा. जून २०२४ पासून यूजीसी-नेटचा निकाल तीन कॅटेगरीत लागतो, त्यातली शेवटची फक्त पीएचडी प्रवेशासाठी, त्यामुळे जेआरएफ, म्हणजे संशोधनाची ज्युनियर फेलोशिप, हुकली म्हणून रडत बसायची गरज नाही. शिवाय मोठ्या संस्था स्वतःची परीक्षा घेतात ते वेगळंच.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफला २०२३ पासून महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सिनियर फेलोशिप, झाली की ४२,०००, घरभाडं वेगळं. आपल्याकडे सारथी, बार्टी, महाज्योती ह्या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, जात-प्रवर्गाप्रमाणे बघा आणि कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर तहसीलला पळण्यात अर्थ नाही. आणि फेलोशिप कुठलीही असो, पहिला हप्ता वेळेवर येईल असं धरून रूम भाड्याने घेऊ नका.

आता जागा. बंगलोरचं निमहान्स हे नाव सगळ्यांना माहितीये आणि ते उगाच नाही, न्यूरोलॉजी, सायकियाट्री, न्यूरोसर्जरी, इमेजिंग सगळं एकाच आवारात, वर १९९५ पासूनची ब्रेन बँक, म्हणजे संशोधनासाठी जपलेले मेंदूचे नमुने. एमबीबीएसवाल्यांसाठी तिथे क्लिनिकल न्यूरोसायन्सेस नावाचीच पीएचडी आहे, बाकीच्यांनी न्यूरोफिजिऑलॉजी, क्लिनिकल सायकॉलॉजी, ह्युमन जेनेटिक्स वगैरे डिपार्टमेंटं बघावीत. एपिलेप्सी (म्हणजे फिट्स) आणि मूव्हमेंट डिसऑर्डर (पार्किन्सन्ससारखे हालचालींचे आजार) ह्यांसाठी तिरुअनंतपुरमची श्री चित्रा इन्स्टिट्यूट. दिल्लीचं एम्स आहेच. मनेसरच्या एनबीआरसी ह्या मेंदू संशोधन केंद्रात इमेजिंगचं काम चांगलं होतं पण ते हॉस्पिटल नाही, म्हणजे पेशंट बाहेरून आणायचे. पुण्याचं आयसर आणि मुंबईचं टीआयएफआर न्यूरोसायन्समध्ये तगडे आहेत पण तिथलं बरंचसं काम प्राण्यांवरचं. महाराष्ट्रात राहूनच पेशंटवर काम करायचं असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखालची मेडिकल कॉलेजं बघा, नाव कमी चमकतं पण ओपीडी ओसंडून वाहते आणि ह्या विषयात ओपीडी म्हणजेच भांडवल.

गाईड निवडताना लोक पेपर मोजतात. मोजा, पण त्याआधी हे विचारा की पेशंट कोणाच्या हातात आहेत. तुम्ही डॉक्टर नसाल तर तुमचा गाईड एक आणि पेशंट पाठवणारा न्यूरोलॉजिस्ट दुसरा, आणि ह्या दोघांचं पटत नसेल तर तुमची पीएचडी मधल्या मध्ये चेंगरते. म्हणून को-गाईड म्हणून त्या न्यूरोलॉजिस्टचं नाव कागदावर घ्या, "सर म्हणालेत मदत करू" हे कागद नाही. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार विद्यार्थी घेता येतात, तर जागा आहे का ते विचारा, आणि रिटायरमेंटची तारीखही, कारण तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी उरली असेल तर नवीन विद्यार्थी घेताच येत नाही. सिनियर्सना एकटं गाठून चहा पाजा, ऑफिसात कोणी खरं बोलत नाही.

विषय कसा काढायचा? पंधरा दिवस ओपीडीत मागच्या स्टुलावर बसून. साधं मोजा, आठवड्याला पार्किन्सन्सचे नवीन किती येतात, त्यातले कितीजण पुन्हा दिसतात, कितीजण तीन-चार तासांच्या लांबून येतात. समजा आठवड्याला चार नवीन, त्यातले तुमच्या निकषात बसणारे दोन, त्यातला एक "नको" म्हणणार, म्हणजे वर्षाला पन्नास. मग प्रपोजलमध्ये दोनशे पेशंट लिहिणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. यूजीसीप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि नेहमीची कमाल सहा वर्षं, त्यावर दोन वाढीव, बायका आणि ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असणाऱ्यांना अजून दोन. सहा म्हणजे खूप वाटतात पण त्यातला कोर्सवर्क, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि मशीनची वाट बघण्यात जाणारा वेळ वजा करा.

एथिक्स कमिटीला लोक अडथळा समजतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची गाईडलाईन एकदा मुळातून वाचा, अर्ध्या शंका आधीच मिटतात. काही इंटरव्हेन्शन, म्हणजे औषध किंवा उपचार, देणार असाल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी. डिमेन्शियाच्या पेशंटला स्वतः संमती देता येत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची सही, वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याजवळ तटस्थ साक्षीदाराची सही, आणि तो साक्षीदार तुमच्याच लॅबमधला मित्र नको. एक गोष्ट प्रोटोकॉलमध्ये हमखास राहून जाते, कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या धडधाकट माणसाच्या, एमआरआयमध्ये अचानक गाठ दिसली तर काय? कोण बघणार, किती दिवसांत, घरच्यांशी कोण बोलणार, हे आधी लिहा. स्कॅनरच्या खोलीत तुमच्याकडे बघून "सगळं नॉर्मल ना?" असं विचारतील तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं नाही, रेडिऑलॉजिस्टने द्यायचं.

मग खरं काम, डेटा. इथे जरा थांबतो कारण इथेच सगळ्यांची वाट लागते. ईईजीला, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवायच्या टेस्टला, पेशंट डोक्याला चांगलं चोपडून खोबरेल तेल लावून येतो, विशेषतः बायका वेणी घालून, कारण हॉस्पिटलला जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं. तेलावर इलेक्ट्रोड धरत नाही, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) पाच किलो-ओहमच्या खाली येता येत नाही आणि तुमचा तास घासण्यात जातो. म्हणून आदल्या दिवशी फोन, "रात्री शाम्पूने डोकं धुवा, तेल लावू नका, केस मोकळे ठेवा", आणि हे सुनेला किंवा मुलीला सांगा, आजोबांना सांगून उपयोग नाही. एमआरआयला तसंच मंगळसूत्र, चमकी, जोडवी. जोडवी वर्षानुवर्षं बोटात रुतलेली असतात, साबणाचं पाणी जवळ ठेवा, आणि मंगळसूत्र काढायला कोणी कचरत असेल तर घाई न करता नवऱ्याला किंवा सासूला आत बोलवा, पुढे कोणी अडत नाही.

पार्किन्सन्समध्ये औषध उतरलेल्या अवस्थेत तपासायचं असेल तर लेव्होडोपाला, म्हणजे ह्या आजाराच्या मुख्य औषधाला, साधारण बारा तास उलटलेले लागतात, म्हणजे रात्रीचा डोस शेवटचा आणि सकाळी टेस्ट. आता विचार करा, लातूरहून पुण्याला येणारा माणूस औषध न घेता, कडक झालेल्या अंगाने रात्रभर बसमध्ये कसा बसेल? त्याची आदल्या दिवशी राहायची सोय बजेटमध्ये धरावी लागते, आणि टेस्ट झाल्या झाल्या गोळी आणि नाश्ता. हातावर पोट असलेल्याचा बुडालेला रोजही धरा, एथिक्सला पटवून.

स्मृतीच्या टेस्टचं तर विचारूच नका. मोका नावाची टेस्ट तीस मार्कांची, त्यात घन काढा, घड्याळ काढा, आणि समोर अशा आजी ज्यांनी आयुष्यात पेन धरलेलं नाही. त्यांना कमी मार्क पडले म्हणजे डिमेन्शिया नव्हे. बारा वर्षं किंवा कमी शिक्षणाला एक मार्क वाढवून देतात पण तेवढ्याने भागत नाही. न शिकलेल्या ग्रामीण वृद्धांसाठी बल्लभगडला हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन बनवली ती ह्याच कारणाने, आणि आयसीएमआरचा न्यूरोकॉग्निटिव्ह टूलबॉक्स आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम ह्या पाच भाषांत तयार झाला, त्यात मराठी नव्हती. ज्याला विषय सुचत नाहीये त्याने इथे नजर टाकावी, आपल्या गावाकडच्या लोकांसाठी नीट तपासलेल्या टेस्टवर अख्खी थिसिस उभी राहते.

कंट्रोल मिळवणं पेशंटपेक्षा अवघड. सोपा उपाय म्हणजे सोबत आलेला नवरा किंवा बायको, वय जवळपास, जेवणखाण एकच. पण पार्किन्सन्समध्ये पुरुष पेशंट जास्त असतात त्यामुळे तुमचा कंट्रोल ग्रुप सगळा बायकांचा होऊन बसतो, त्यावर लक्ष ठेवा. जेनेटिक काम असेल तर सख्खे भाऊबहीण कंट्रोल म्हणून चालणार नाहीत.

एथिक्सची वाट बघत असताना ॲनालिसिस शिका, मग नाही. अल्झायमर्सचा एडीएनआय, पार्किन्सन्सचा पीपीएमआय, ओपन न्यूरो ह्या ऑनलाइन डेटाबँका, इथला डेटा अर्ज करून किंवा थेट मिळतो, त्यावर हात साफ करा. एफएसएल, फ्रीसर्फर ही मेंदूच्या स्कॅनची सॉफ्टवेअरं विंडोजवर सरळ चालत नाहीत, लिनक्सशी मैत्री करावीच लागते. एसपीएसएस ह्या विकतच्या स्टॅटिस्टिक्स सॉफ्टवेअरवर अडून बसू नका, 'आर' (R) फुकट आहे आणि सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने पुन्हा सगळं करायला लावलं तर स्क्रिप्ट चालवली की झालं. पेशंटची नावं एका फाईलमध्ये, कोड नंबर दुसऱ्या, दोन्ही एका पेनड्राइव्हवर ठेवून कँटीनला जायचं नाही.

आणि पेपरवर पहिलं नाव कोणाचं, हे डेटा येण्याआधी बोलून घ्या. २०२२ च्या नियमात थिसिसआधी पेपर छापणं सक्तीचं राहिलेलं नाही, तरी बऱ्याच संस्था मागतात आणि पोस्टडॉकला तर तेच बघतात. न्यूरोलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट, गाईड, स्टॅटिस्टिशियन, सगळ्यांची नावं येणारच, हरकत नाही, पण मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी "आज ठरल्याप्रमाणे" असं सुरू करून सगळ्यांना एक साधी मेल टाका आणि ती जपून ठेवा.